मानवी भूगोल शिकायचाय? आधी गावाच्या सड्यावर चढा

प्रकल्पाच्या वह्या तपासत होतो. अकरावीतल्या एका मुलीला सहज विचारलं, "तुझ्या गावात माणसं किती गं?" ती म्हणाली, "कधीची सांगू सर? गणपतीतली की एरवीची?"

वहीत तिने लोकसंख्येची व्याख्या पुस्तकातून उतरवून काढली होती. अक्षर मोत्यासारखं, खाली लाल पेनाची रेघ. त्या पानावर भूगोल औषधालाही नव्हता. तो होता तिच्या त्या उलट प्रश्नात, आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

मानवी भूगोलाचे शब्द पाठ करायला गेलं की रुक्ष वाटतात. आपल्याच गावात लावून बघितले की कळतं, यातल्या निम्म्या गोष्टींना आपल्याकडे आधीपासून शब्द आहेत. हा लेख अकरावी-बारावीच्या आणि बीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आहे, तसाच मे महिन्यात कोकणात गावी येऊन कंटाळणाऱ्या मुंबईकरांसाठीही. सामान फार लागत नाही. एक वही, गावाचा नकाशा, दोन रविवार, आणि उन्हाच्या आधी उठायची तयारी.

विषय काय आहे ते एकदाच सांगतो. ही खाडी इथे कशी तयार झाली, हे भौतिक भूगोल विचारतो. खाडीच्या या काठावर घरं आहेत आणि समोरच्या काठावर नाहीत, असं का, आणि इथल्या घरांचं पोट कुठल्या दूरच्या गावावर चालतं, हे मानवी भूगोल विचारतो. कुठे, तिथेच का, आणि कशाशी जोडलेलं, एवढे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिलं काम: गाव म्हणजे नक्की काय, ते ठरवा

इथेच बहुतेकांची गाडी रुळावरून उतरते. "आमचं गाव" म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलतो. महसुली गाव म्हणजे सातबाऱ्यावर नाव येतं ते, हद्दी ठरलेलं. ग्रामपंचायत कधी एका गावाची असते, कधी दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत. गावठाण म्हणजे घरांसाठीची जागा. कोकणात मात्र कितीतरी घरं गावठाणाबाहेर आपापल्या आगरात, म्हणजे बागेत असतात. आणि वाडी. माणूस खरा राहतो तो वाडीत. त्याचं भजन, त्याची पाण्याची पाळी, त्याची भांडणं, सगळं वाडीचं.

जनगणना आकडे देते ते महसुली गावाचे. वाडीचा आकडा त्यात वेगळा सापडत नाही, तो तुम्हालाच मोजावा लागतो. म्हणून आधी ठरवा, अभ्यासाचं एकक कुठलं? शाळेच्या प्रकल्पाला एक वाडी पुष्कळ झाली. सगळा तालुका अंगावर घेणारे शेवटी व्याख्या उतरवतात.

नकाशे दोन मिळवा. भूमी अभिलेख खात्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर जमिनीच्या गटांच्या हद्दी दिसतात. दुसरा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा, ज्यावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. पहिल्यावर मालकी कळते, दुसऱ्यावर चढ-उतार. फोनवरच्या नकाशात रस्ते झकास दिसतात, पण व्हाळ (ओढे) आणि पाखाड्या (पायऱ्यांच्या पायवाटा) हमखास हरवलेल्या असतात.

सड्यावरून समुद्रापर्यंत चाला

सकाळी सहाला गावाच्या सड्यावर जा आणि तिथून सरळ खाली खाडीपर्यंत किंवा पुळणीपर्यंत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापर्यंत या. वाटेत जमीन जिथे बदलेल तिथे थांबून वहीत आडवा छेद काढायचा. डोंगर डावीकडे, पाणी उजवीकडे.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. श्रावणात हिरवा गालिचा, डिसेंबरनंतर तापलेला तवा. इथे घर सहसा नसतं. पावसाचं पाणी जांभ्यातून मुरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि उताराच्या कडेला झऱ्याने बाहेर पडतं. जुनी घरं, जुन्या विहिरी, ग्रामदेवतेचं देऊळ बहुधा याच पट्ट्यात सापडतात. वस्ती ज्या नेमक्या जमिनीवर बसली ती जमीन, तिचा उतार, पाणी, आडोसा, या सगळ्याला भूगोलात वस्तीची जागा म्हणतात. "इथेच का?" याचं पहिलं उत्तर पाण्याजवळ असतं.

सड्याखाली वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन लागते. तिथे नाचणी, वरी व्हायची. आता काजू किंवा नुसतं गवत. मग घरं आणि परसातले फणस. त्याखाली भाताची खाचरं, भातानंतर ओल टिकली तर कुळीथ, पावटा, चवळी. मग व्हाळ, खाजण (भरतीचं खारं पाणी पोचतं ती सखल जमीन), खाजणाच्या कडेला कांदळवन. समुद्रकाठ असेल तर पुळण आणि तिला लागून माडापोफळीची आगरं. जमीन कशासाठी वापरली जाते याची ही नोंद म्हणजे भूमी उपयोजन. पुस्तकात त्याचे शेती, वन, पड, बिगरशेती असे रकाने असतात. ते भराच, पण शेजारी गावचा शब्दही लिहा. "पड" या एका रकान्यात कातळ, वरकस आणि माणूस नाही म्हणून सोडलेलं खाचर, तिन्ही गोष्टी जाऊन बसतात, आणि त्यांची कारणं एकमेकांपासून फार लांबची आहेत.

प्रत्येक टप्प्यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "वीस वर्षांपूर्वी इथे काय होतं?" खारं पाणी अडवणारा खारबंधारा फुटला आणि दुरुस्त करायला कोणी उरलं नाही, की भाताच्या खाजणात कांदळ शिरतं. ज्याचं मूळ मुंबईतल्या परळच्या खोलीत आहे असा बदल तुम्ही इथे चिखलात उभे राहून बघत असता.

याच चालण्यात एक जुना वाद उलगडतो. निसर्ग जे ठरवेल तेच माणूस करतो, हा निसर्गवाद. निसर्ग फक्त शक्यता समोर ठेवतो, निवड माणसाची, हा संभववाद. परीक्षेत यावर पाच गुण असतात. सड्यावर उभं राहून बघा: जिथे गवताला माती पुरत नाही, त्या कातळात सुरुंग लावून खड्डे केलेत, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस लावलाय. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची सरकारी योजना आली, त्यानंतर अशी कलमं झपाट्याने वाढली. संभववाद्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. निसर्गवादीही मान खाली घालणार नाही. तो म्हणेल, मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस पडू दे, मग बोलू. दोघांचं म्हणणं वहीत लिहा.

जागा तीच, स्थिती बदलली

जागा आणि स्थिती यांत मुलं फार गोंधळतात. जागा म्हणजे पायाखालची जमीन. स्थिती म्हणजे बाकीच्या जगाच्या मानाने तुम्ही कुठे आहात ते: बंदर, घाट, बाजार, रेल्वे किती हाताशी.

राजापूर घ्या. समुद्रापासून बरंच आत, अर्जुना नदीच्या काठी. सतराव्या शतकात गलबतं खाडीतून वर येत आणि घाटावरचा माल उतरून तिथे पोचे. इंग्रजांनी तिथे वखार घातली, ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. ज्या प्रदेशाचा माल एखाद्या बंदरात येतो त्याला बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. राजापूरचा पृष्ठप्रदेश घाट चढून देशावर जात होता. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली, व्यापार मुंबईकडे सरकला. राजापूर जागचं हललं नाही. त्याच्या भोवतीचं जग सरकलं.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला आणि पुन्हा सगळ्यांच्या स्थितीची फेरमांडणी झाली. रुळांनी समुद्रकाठची जुनी बंदरं सोडून आतला मार्ग धरला. एक गमतीचा ठोकताळा आहे: स्टेशनाच्या नावापुढे "रोड" दिसला की गाव अजून यायचंय असं समजावं. राजापूर रोड, सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड. उतरलात की रिक्षावाल्याशी घासाघीस आलीच.

अंतराचंही तेच. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर. फेरीबोटीने काही मिनिटं. तीच बोट चुकली तर चिपळूणवरून वळसा घाला आणि अर्धा दिवस घालवा. किलोमीटरमधलं अंतर निरपेक्ष. वेळ, पैसा आणि त्रास यांत मोजलेलं ते सापेक्ष. तुमच्या वाडीपासून दवाखाना, कॉलेज, बँक यांचं अंतर दोन्ही प्रकारे लिहा, पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं वेगळं.

घरं कशी मांडलीत, कोणाची कुठे

वस्त्यांचे आकार पुस्तकात तीन मुख्य दिलेले असतात. घरं एकमेकांना खेटून असली की केंद्रित, लांब लांब असली की विखुरलेली, रस्त्याकडेने किंवा किनाऱ्याने ओळीत असली की रेषाकृती. देशावरचं गाव बहुधा केंद्रित. कोकणातलं दुरून बघाल तर विखुरलेलं: वाड्यांमध्ये व्हाळ, मळे, एखादा डोंगर. जवळ गेलात की मच्छीमारांच्या खारवीवाड्यात भिंतीला भिंत लागून घरं, म्हणजे केंद्रित. महामार्गालगतच्या नव्या गाळ्यांची रांग रेषाकृती. एकाच गावात तिन्ही सापडतात, हे लिहायला घाबरू नका.

आता वाड्यांची नावं लिहा. काही दिशेची: वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी. बरीचशी जातीची. वस्त्यांना दिलेली जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. पाट्या बदलल्या तरी घरं होती तिथेच राहिली. नकाशावर प्रत्येक वाडीपुढे तीन गोष्टी भरा: बारमाही पाणी किती लांब, डांबरी रस्ता कधी आला, जमीन कसली. मग बघा, सपाट, पाणथळ, सुपीक पट्टा कोणाकडे आहे आणि उताराची, कातळाची कड कोणाकडे. खोतामार्फत सारा वसूल करायची खोतीची पद्धत १९४९ च्या कायद्याने गेली, तिने आखलेल्या रेषा जमिनीवर अजून दिसतात.

याच धड्यात महाड यायला हवं. चवदार तळ्याशेजारी राहणाऱ्या, अस्पृश्य ठरवलेल्या माणसालाही त्या तळ्याचं पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंच्या साथीने ते पाणी ओंजळीत घेतलं. फूटपट्टीने अंतर काही पावलांचं होतं. भूगोलात याला सामाजिक अंतर म्हणतात, आणि ते मोजल्याशिवाय वस्तीचा नकाशा पुरा होत नाही.

आकडे: मोजके, पण नीट

जनगणना लांबल्यामुळे हाताशी पक्के आकडे २०११ चेच आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९, सिंधुदुर्गची ८,४९,६५१. दोन्ही जिल्ह्यांत २००१ च्या मानाने माणसं घटली, रत्नागिरीत सुमारे ४.८ टक्के, सिंधुदुर्गात २.२ टक्के. महाराष्ट्र वाढत होता तेव्हाची ही गोष्ट.

घनता म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे माणसं. रत्नागिरी सुमारे १९७, सिंधुदुर्ग १६३, महाराष्ट्र ३६५. यावरून कोकणात जमीन ऐसपैस आहे असं वाटेल. पण भागाकारात सडा, कातळ, जंगल सगळं धरलंय. फक्त पिकाखालच्या जमिनीने भागा, त्याला कृषी घनता म्हणतात, आणि आकडा उडी मारतो. आमच्याकडे पूर्वी माणसं बाहेर का पडली, त्याचं निम्मं उत्तर या दुसऱ्या भागाकारात आहे.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर १००० पुरुषांमागे स्त्रिया. रत्नागिरी ११२२, सिंधुदुर्ग १०३६, महाराष्ट्र ९२९. भाषणांतून हा आकडा कोकणाच्या पुरोगामीपणाचा दाखला म्हणून फेकला जातो. जरा थांबा. ० ते ६ वयोगटाचं गुणोत्तर काढलं की याच जिल्ह्यांत ते १००० च्या खाली येतं. मुली जास्त जन्मतात असं काही नाही. मोजायला आलेला माणूस दारात उभा असतो तेव्हा पुरुष मुंबईत असतो.

स्थलांतर: इथे वेळ द्या

कोकणाचा मानवी भूगोल म्हणजे बऱ्याच अंशी न दिसणाऱ्या माणसांचा भूगोल. म्हणून बंद घरं मोजा. आमच्या वरच्या वाडीत एक घर आहे. दाराला कडी, कडीला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कुलूप, म्हणजे पावसात गंजू नये. चौकटीवर खडूने लिहिलेला मोबाइल नंबर, वीजबिल घेऊन येणाऱ्यासाठी. अंगणातलं तुळशीवृंदावन मात्र सारवलेलं. शेजारची काकी सारवते. हे घर रिकामं म्हणायचं का? जनगणनेच्या हिशेबाने हो. भूगोलाच्या हिशेबाने ते मुंबईच्या एका खोलीचं दुसरं टोक आहे.

स्थलांतराचे प्रकार वाडीतच मिळतात. कायमचं: कुटुंब उपनगरात स्थिरावलं, रेशनकार्डही तिकडे. हंगामी: आंब्याच्या किंवा मासेमारीच्या हंगामापुरतं. रोजचं: पहिल्या गाडीने तालुक्याला, संध्याकाळी परत. आणि चक्रीय: चाकरमानी. ऐन विशीत गेला, शिमग्या-गणपतीला येत राहिला, साठीला घर दुरुस्त करून परतला. मुंबईत पहिल्या कापड गिरण्या १८५० च्या दशकात उभ्या राहिल्या, तिथपासून हे चक्र फिरतंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच बसल्या, तेव्हा कितीतरी माणसं ठरलेल्या वेळेआधी गावी आली.

कारणं लिहिताना ढकलणारी आणि ओढणारी असे दोन रकाने करतात. अमेरिकी अभ्यासक एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये याची मांडणी केली. तुकड्याची जमीन, एक पीक, पावसानंतर काम नाही, ही ढकलणारी. पगार, शिक्षण, आधीच गेलेला मामा, ही ओढणारी. मामाला कमी लेखू नका. आधी गेलेल्या माणसाच्या आधाराने पुढचा जातो, याला साखळी स्थलांतर म्हणतात. गिरणगावात गावाच्या मालकीच्या खोल्या होत्या, नव्या पोराने वळकटी टाकायची ती तिथेच. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखा याच साखळीच्या कड्या.

आता एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक वहीत सुटते. "पुरुष गेले, बायका राहिल्या" असं सगळे लिहितात. वाडीतल्या दहा लग्न झालेल्या बायकांना विचारा, तुमचं माहेर कुठलं? बहुतेक सगळ्या दुसऱ्या गावातून आलेल्या निघतील. जनगणनेतही स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच असतं. जवळच्या अंतरावर स्त्रियाच जास्त हलतात, हे स्थलांतराचे अभ्यासक रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवलं होतं. या माहेरांचा नकाशा काढा, बाणांनी. कुठल्या खाडीपलीकडे बाण जात नाहीत आणि कुठल्या घाटापलीकडे जातात, ते बघण्यासारखं असतं.

आणि येणारी माणसं विसरू नका. बागांमध्ये राखणीला आणि फवारणीला, बोटींवर खलाशी म्हणून आज नेपाळी माणूस दिसतो. तो आपल्या गावी पैसे पाठवतो तेव्हा त्याच्या डोंगरातल्या घरात आपल्या मनिऑर्डरीचीच गोष्ट नव्याने चालू असते.

विचारताना एक पथ्य पाळा. जमिनीपासून सुरुवात करू नका. सामायिक सातबारा आणि भाऊबंदकी हा प्रत्येक घरातला दुखरा दात आहे. तुम्हाला कोणीतरी पाठवलंय असा संशय येतो आणि पुढची उत्तरं गोलमाल होतात. पडवीत बसा, चहा घ्या, "मुंबईला कोण कोण असतं?" इथून सुरू करा. नावं वहीत लिहू नका, घराला क्रमांक द्या.

व्यवसाय आणि बाजार

हे पटकन आटोपू. भात, बाग, मासेमारी प्राथमिक. काजू फोडणं, आंबापोळी, कोकम आगळ द्वितीयक. दुकान, रिक्षा, शाळा, पर्यटकांच्या खोल्या तृतीयक. अडचण अशी की एकच माणूस जूनमध्ये शेतकरी, ऑक्टोबरमध्ये रिक्षावाला आणि एप्रिलमध्ये आंबा भरणारा असतो. जनगणनेत वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामकरी, कमी असेल तर सीमांत. तुम्ही मात्र बारा महिन्यांचे बारा रकाने करा आणि घरातल्या बाईलाही तेच विचारा. ती "मी काही करत नाही" म्हणेल. तरवा (भाताची रोपं) लावला कोणी, असं विचारा.

बाजारासाठी जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर क्रिस्टालर यांचा १९३३ चा मध्यवर्ती स्थान सिद्धांत आहे: मीठ-मिरचीला जवळचं लहान केंद्र, सोनं आणि शस्त्रक्रियेला लांबचं मोठं. त्याची षटकोनी आकृती सपाट मैदान गृहीत धरते. आपल्याकडे खाड्या त्या षटकोनांचे लचके तोडतात. सोपा उपाय म्हणजे वस्तीची एसटी कुठून येते ते बघा. रात्री गावात मुक्कामाला राहून पहाटे ज्या शहराकडे सुटते, ते तुमचं मध्यवर्ती स्थान. ती बंद झाली असेल तर कधी आणि मग मुलं कॉलेजला कशी जातात, हेही लिहा.

वही जोडताना

नकाशाला शीर्षक, सूची, प्रमाण आणि दिशा हवीच. आडवा छेद एका पानावर, माहेरांचे बाण दुसऱ्यावर. गावचे शब्द आणि पुस्तकातले शब्द समोरासमोर मांडा: सडा, खाजण, जुवा (खाडीतलं बेट), देवरहाटी (देवाचं राखलेलं रान) यांना जिथे पुस्तकी शब्द पुरत नाही तिथे तसं स्पष्ट लिहा. गडगे (दगडी कुंपणं), पाखाड्या, माडांच्या रांगा, देवळासमोरचा मांड, माणसाने निसर्गावर उमटवलेलं हे सगळं म्हणजे सांस्कृतिक भूदृश्य. त्याचे फोटो लावलेत तर कुठून काढले ते नकाशावर दाखवा.

त्या मुलीने शेवटी लोकसंख्येच्या एका रकान्याचे तीन केले: फेब्रुवारी, शिमगा, गणपती. तिच्या वाडीत फेब्रुवारीत एकेचाळीस माणसं होती, गणपतीत दोनशेच्या वर. मी दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण नकाशावर उत्तर दिशा दाखवायची ती विसरली होती.